उत्तर ध्रुवाकडील पहारा



सरहद्द म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें तोफा आणि पहारेकरी उभे राहतात. परंतु अमेरिकेच्या अलास्का राज्याची सरहद्द राखावयाची, तर प्रथम बर्फ, भूमि आणि आकाश यांचा स्वभाव ओळखावा लागतो. बेरिंगच्या सामुद्रधुनींत अमेरिकेचें लहान डायोमीड आणि रशियाचें मोठें डायोमीड या दोन बेटांत अंतर अवघें सुमारें ४ किलोमीटर!

या राज्यांतील फेअरबँक्स येथील विद्यापीठांत १९४६ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या कायद्यानें भूभौतिकी संस्था स्थापन झाली. ध्रुवप्रकाश पाहणाऱ्यास मोहक खरा. पण ज्या विद्युत्कणांच्या माऱ्यानें तो उजळतो, तोच मारा वातावरणाच्या वरच्या थरांत खळबळ माजवून दूर पल्ल्याचे रेडिओसंदेश बंद पाडतो. तळाशीं बोलतां न येणारें विमान कितीही उत्तम असलें, तरी मुकेंच. हें कोडें उलगडण्यास रात्रींमागून रात्री आकाश न्याहाळणारे अभ्यासकच हवे होते.

जी गोष्ट आकाशाची, तीच भूमीची. अलास्काच्या मोठ्या भागांत जमिनीखालीं वर्षानुवर्षें गोठलेला थर आहे. तो वितळूं लागला कीं धावपट्ट्या खचतात, इमारतींस तडे जातात. विद्यापीठाचे संशोधक जमिनींत खोल भोकें पाडून त्या थराचें उष्णतामान कित्येक दशकें नोंदवीत आले आहेत. समुद्रावरील बर्फही ओसरत आहे, आणि पूर्वीं दुर्गम असलेल्या वाटांनीं जहाजें जाऊं लागलीं आहेत. म्हणूनच तटरक्षक दलास साह्यकारी होईल असें संशोधन करणारें केंद्र २०१४ सालीं अँकरेज येथील विद्यापीठांत निघालें.

येथें एक नाजूक प्रश्न उद्भवतो. संरक्षणासाठीं केलेलें संशोधन गुप्त ठेवावें काय? गाकोना येथील १८० अँटेनांचें वातावरण-संशोधन केंद्र लष्कराच्या हातीं असतांना, तें भूकंप घडवितें, हवामान पालटतें, अशा नाना कुशंका पसरल्या. २०१५ सालीं तें फेअरबँक्सच्या विद्यापीठाकडे आलें, आणि दुसऱ्याच वर्षीं एके दिवशीं जनतेस आंत येऊन सारें पाहण्याची मुभा मिळाली. कुशंकेस याहून सरळ उत्तर नाहीं.

कांहीं गोष्टी राष्ट्रांस झांकून ठेवाव्या लागतात, हें मान्य. परंतु कुलपांत ठेवलेलें ज्ञान कोणी तपासून पाहत नाहीं. आणि न तपासलेल्या ज्ञानावर विसंबणारा पहारेकरी कच्च्या बर्फावर उभा असतो. विद्यापीठानें राष्ट्राची सेवा अवश्य करावी. मात्र ती विद्यापीठ राहूनच करावी.