लेहची धावपट्टी



युद्धकाळातील विमानतळ म्हटला की वैमानिकांची नावे सहज ओठांवर येतात. ते योग्यच आहे. आज मात्र मला जमिनीपासून, दगड वेचणाऱ्या हातांपासून आरंभ करायचा आहे.

१९४८ च्या प्रारंभी गिलगिट हातचे गेले होते आणि स्कर्दू वेढ्यात झुंजत होते. लेहच्या रक्षणाला सैन्य जवळजवळ नव्हतेच. श्रीनगरची वाट झोजी-ला खिंडीतून जाते, ती हिमाने बुजलेली. त्या हिमातून लाहौलचे पृथीचंद मूठभर जवानांसह ८ मार्चला लेहला पोहोचले. पण मूठभरांनी किती काळ तग धरावा? मोठी कुमक त्वरित यायची, तर ती आकाशमार्गेच येणार होती.

लडाखचेच अभियंते सोनम नोर्बू यांनी सिंधूकाठी, स्पितुक गावाजवळ, जागा निवडली. यंत्रसामग्री नव्हती. ग्रामस्थांनी अंगमेहनतीने काही आठवड्यांत धावपट्टी सिद्ध केली. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेदहा हजार फुटांवर हवा विरळ असते. इंजिनाचे बळ घटते, पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला अधिक लांब धावावे लागते. तेथे साफ केलेला प्रत्येक हात जमिनीचा उपयोग होता.

२४ मे रोजी एअर कमोडोर मेहरसिंग जनरल थिमय्यांना घेऊन तेथे उतरले. विमान साधे डाकोटा. उंचीवर आतला वायुदाब राखण्याची सोय नसलेले.

लोकांनी त्या विमानापुढे चारा ठेवला, अशी एक कथा हौसेने सांगितली जाते. मला ती सांगवत नाही. ज्यांनी विमानासाठी भूमी सपाट केली, त्यांना भाबडे ठरवून आपण कशासाठी हसायचे?

कारगिल आणि द्रास पडले, खुष्कीचा मार्ग तुटला. जूनमध्ये गुरखा जवान विमानांनी लेहला उतरले. नोव्हेंबरमध्ये आपल्या रणगाड्यांनी झोजी-ला जिंकून कारगिलची वाट मोकळी केली. तोपर्यंत लेहचा मुख्य आधार ही धावपट्टीच होती.

मेहरसिंग आणि पृथीचंद या दोघांनाही महावीरचक्र मिळाले. आज लेहच्या विमानतळाला कुशक बकुला रिंपोछे यांचे नाव आहे. तेथे उतरल्यावर विरळ हवेने एखाद्या प्रवाशाला त्रास झाला, तर गावातील ज्या सरकारी रुग्णालयात त्याला नेतात, ते सोनम नोर्बूंच्या नावाचे आहे.