सोयाबीन स्वस्त, तेल महाग : शेजारी देशांचा व्यापार आणि आपण

आम्ही गटांच्या बैठकींना जातो, तेव्हा दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. तेल महागलं आणि सोयाबीनला भाव नाही. ज्या दाण्यातून तेल निघतं तो स्वस्त आणि तेल महाग, हे कसं? याची बरीच कारणं आहेत. त्यातलं एक आज समजून घेऊ.

परदेशातून माल आला की सरकार त्यावर कर घेतं. त्याला आयात शुल्क म्हणतात. काही शेजारी देश ठरवतात, की एकमेकांच्या मालावर हे शुल्क कमी घ्यायचं किंवा घ्यायचंच नाही. भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, भूतान, मालदीव, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांचा असा करार आहे. त्याचं नाव साफ्टा. तो २००६ पासून लागू झाला.

याचा फायदा आहे. लहान देशांना मोठी बाजारपेठ मिळते. बांगलादेशच्या कपड्यांवरचं शुल्क भारताने २०११ मध्ये काढलं. तिथल्या शिलाई कारखान्यांत लाखो बायांच्या हाताला काम आहे. गिऱ्हाइकालाही माल स्वस्त पडतो.

आता तोटा. आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने त्यावरचं शुल्क वाढवलं. बाहेरचं तेल महागलं, तर इथल्या सोयाबीनला भाव मिळेल, हा हेतू. पण साफ्टामुळे नेपाळच्या तेलाला शुल्क नाही. नेपाळात सोयाबीन फारसं पिकत नाही. तिथले कारखाने दूरदेशाहून कच्चं तेल आणतात, शुद्ध करतात आणि भारतात पाठवतात. हे येणं खूप वाढलं. त्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, बाजारात मात्र बहुतेकांना त्याहून कमी मिळाला. सगळा दोष नेपाळच्या तेलाचा नाही. जगात सोयाबीन भरपूर होतं, पेंडेला उठाव नव्हता. पण त्यात या तेलाचीही भर पडली.

मग शुल्क वाढवावं का? वाढवलं तर सोयाबीनवालीला आधार, पण मजुरीवर जगणाऱ्या बाईची फोडणी महाग. आपल्या गटात दोघी एकाच सतरंजीवर बसतात. कित्येक घरांत तर दोघी म्हणजे एकच बाई असते.

शिवाय करार असला तरी दार केव्हाही बंद होतं. बांगलादेशाने संत्र्यावरचा कर वाढवत नेला, विदर्भातले बागवाले अडचणीत आले. आपण डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांद्याची निर्यात बंद ठेवली. इकडे कांदा उत्पादकाचा भाव पडला, तिकडे बांगलादेशातल्या बायांना कांदा महाग झाला.

म्हणून असा करार चांगला की वाईट, एवढंच विचारून भागत नाही. सवलत कोणत्या मालाला? तो माल खरंच त्या देशात तयार झाला का, हे कोण तपासतं? आणि ज्याचा भाव पडतो, त्याला आधार काय? हे प्रश्न ग्रामसभेत आणि मतं मागायला येणाऱ्यांपुढे मांडता येतात.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. हमीभाव खरेदीची नोंदणी सुरू झाली की लगेच करा. सातबारा, पीकपेरा, आधार, बँक पासबुक तयार ठेवा. सोयाबीन नीट वाळवा, ओलावा जास्त असला की माल परत येतो. सातबारा नवऱ्याच्या नावावर असला, तरी तारीख तुम्ही लक्षात ठेवा.