बेटांवरील जीवांची नोंद



गोकाक तालुक्यात घटप्रभेवर धुपदाळचा बंधारा आहे. त्याच्या जलाशयात लहान लहान बेटे आहेत. हा परिसर १९७४ साली पक्षी-अभयारण्य ठरला. हिवाळ्यात येथे दूरदेशीचे करकोचे उतरतात. भोवतालचे पाणी हीच बेटांची तटबंदी होय. ते ओसरले की कुत्री व माणसे घरट्यांपर्यंत पोहोचतात. म्हणून पाहणी करणाऱ्याने पक्ष्यांबरोबर पाण्याची पातळी, झाडे व घरटीही नोंदवावीत. विणीच्या काळी मात्र बेटावर पाऊल न ठेवता दुरूनच दुर्बिणीने मोजावे.

कावेरीतील रंगनथिट्टू बेटांवरील घरटी डॉ. सलीम अलींनी पाहिली, आणि त्यांच्याच आग्रहाने १९४० साली म्हैसूर संस्थानाने त्यांस अभय दिले. प्रथम पाहणी, मग रक्षण. भूतदयेला डोळस नोंदीची जोड हवी.