कान नव्हे, खाच!

कुणी नागपुरात ऐकत असाल, कुणी बेळगावात, कुणी बडोद्यात किंवा इंदुरात. मी बोलतोय बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधून. एचएसआर म्हणजे होसूर-सर्जापूर रोड. या भागात दर तिसऱ्या घरात लॅपटॉप आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, पण दर पाचव्या-सहाव्या घरात कपाटावर एक गिटार धूळ खात पडलेली असते, हे इथं राहिल्याशिवाय कळत नाही. नोकरी लागली की माणूस हौसेनं गिटार घेतो आणि सहा महिन्यांत ती कपाटावर जाते. का जाते? वेळ मिळत नाही, हे एक कारण. दुसरं कारण मात्र पुष्कळांना माहीतच नसतं. वाद्य सुरात राहत नाही, आणि दोष आपल्यातच आहे असं वाटून माणूस ते सोडून देतो. आज बोलायचंय ते या दुसऱ्या कारणाबद्दल.

मी मूळचा मिरजेचा. पोटासाठी संगणकाचं काम करतो आणि शनिवारी दुपारी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गिटारी दुरुस्त करतो. गेल्या वर्षी आमच्याच इमारतीतली एक बारा वर्षांची मुलगी आईबरोबर आली. क्लासमध्ये तिला सांगितलं होतं, की तुझा कान कच्चा आहे, तू दुसरं काहीतरी शीक. आई म्हणाली, "बघा हो भाऊ, ही गिटार विकून टाकावी म्हणतो." मुलगी खाली बघत हळूच म्हणाली, "काका, मी नीट लावते, पण वाजवायला घेतलं की परत उतरते."

या एका वाक्यात सगळं निदान होतं. उतरलीय हे जिला ऐकू येतं, तिचा कान कच्चा कसा असेल?

गिटारच्या दांडीच्या वरच्या टोकाला, जिथे पडदे संपतात आणि खुंट्यांचा भाग सुरू होतो, तिथे हाडाची किंवा प्लॅस्टिकची एक बारीक आडवी पट्टी असते. तिला नट म्हणतात. तिला सहा खाचा असतात आणि एकेका खाचेतून एकेक तार जाते. तानपुऱ्यावर खुंट्यांकडून येणाऱ्या तारा ज्या पट्टीवर टेकतात, त्या अटीची ही गिटारमधली बहीण समजा. तार खाचेत अलगद सरकायला हवी. ती तिथे अडकली, की पुढचे सगळे घोटाळे होतात.

घोटाळा कसा होतो ते पाहू. तुम्ही खुंटी पिळता. खुंटी आणि नट यांच्यामधला तारेचा तुकडा ताणला जातो, पण खाचेतून तार सरकत नाही. त्यामुळे वाजणाऱ्या भागाचा सूर तसाच राहतो. तुम्ही आणखी पिळता. मग एकदम "टिक्" असा आवाज होतो, तार झटक्यानं सरकते आणि सूर पुढे निघून जातो. तुम्ही खुंटी उलटी फिरवता. आता जादा ताण वाजणाऱ्या भागात अडकून बसतो. ट्यूनरचा काटा मध्यावर दिसतो आणि तुम्ही खूश होता. दोनदा जोरात वाजवलं किंवा तार बोटानं ओढली, की अडकलेला ताण सुटतो आणि सूर घसरतो. इथे बिचाऱ्या खुंटीचा काही दोष नसतो. तरी लोक आधी खुंट्याच बदलतात!

थोडा हिशेब करू. बाराच्या संचातली, म्हणजे ०.०१२ इंचाच्या पहिल्या तारेपासून सुरू होणाऱ्या संचातली तिसरी तार, जी-ची तार, साधारण १३ किलोच्या ताणाखाली असते. तारेचा सूर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. म्हणजे ताण एक टक्का बदलला, तर कंपनं अर्धा टक्का बदलतात. एक टक्का म्हणजे १३० ग्रॅम, दोन लहान बटाट्यांचं वजन. एवढ्या फरकानं सूर साडेआठ सेंट हलतो. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले, तर त्यातल्या एका भागाला सेंट म्हणतात. साडेआठ सेंट जाणत्या कानाला टोचतात. खाचेनं दोन बटाट्यांएवढा ताण दाबून ठेवला, की काम बिघडलं.

आणि ही तिसरी तारच जास्त का छळते? गावाकडे दांडगा बैल आवरायचा असेल, तर कासऱ्याचे खांबाला दोन वेढे घेतात. मग एका हातानं बैल धरता येतो. दोर जितका वळेल, तितकी अडवणूक पटीपटीनं वाढते. ज्या गिटारला तीन खुंट्या एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला असतात, तिच्या मधल्या दोन तारा सगळ्यांत लांबच्या खुंट्यांकडे जातात. नटवर त्या खाली वळतात आणि वर बाजूलाही वळतात. शिवाय साध्या लोखंडी तारांच्या गिटारवर जी-च्या तारेवर बारीक तारेचं वेटोळं असतं. त्याचे आटे कानशीसारखे खाचेत रुततात.

आता घरी तपासायचं कसं? तार सुरात लावा. मग नटच्या पलीकडे, खुंटीच्या बाजूला, तीच तार बोटानं एकदा दाबून सोडा आणि पुन्हा वाजवा. सूर चढलेला राहिला, तर तार नटमध्ये अडकते आहे. मग वाजणारा भाग बोटानं हलकेच ओढून सोडा. सूर खाली आला, तर खात्रीच झाली. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हवेतल्या दमटपणानं लाकूड हलतं, तेव्हा सगळ्याच तारा हळूहळू बदलतात. एकच तार आणि तीही झटक्यानं बदलत असेल, तर खाच बघा. तारा कालच बसवल्या असतील, तर आधी दोन दिवस त्या ताणून बसू द्या.

उपाय तीन पायऱ्यांचा आहे. एका वेळी एकच तार सैल करा. सगळ्या एकदम काढल्या, तर दांडीवरचा ताण जातो, आणि कधी कधी नटही निसटून हातात येतो.

पहिली पायरी म्हणजे सफाई आणि शिसं. तार खाचेतून उचलून बाजूला ठेवा. जुन्या टूथब्रशनं खाच साफ करा. मग टू-बी पेन्सिलचं टोक खाचेत चांगलं घासा आणि तार परत बसवा. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट कोरडं वंगण असतं. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका. त्यावर धूळ बसून चिकटा होतो आणि तेल लाकडात मुरतं. पुष्कळ गिटारींचं काम इथेच, पाच रुपयांच्या पेन्सिलीवर, भागतं.

दुसरी पायरी खाच अरुंद असेल तर. पूर्वीपेक्षा जाड तारा बसवल्या, की हे हमखास होतं. खाच तारेपेक्षा केसभर रुंद हवी. त्यासाठी खास कानशी मिळतात. त्या नसतील, तर ६०० नंबरचा पॉलिश पेपर बारीक तारेच्या तुकड्याभोवती गुंडाळा आणि खाचेच्या फक्त दोन भिंती हलक्या हातानं घासा. तळ घासायचा नाही. खाचेचा उतार खुंट्यांकडे हवा आणि पडद्यांकडची कड सगळ्यांत उंच राहायला हवी. नट हाडाचा असेल, तर नाकाला रुमाल बांधा.

तिसरी पायरी म्हणजे कुठे थांबायचं ते कळणं. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये दाबा आणि पहिल्या पडद्यावर बघा. तार आणि पडदा यांच्यात कागदाएवढी फट दिसली पाहिजे. फट नसेलच, तर खाच आधीच खोल गेली आहे. तिथे हात लावू नका, कारागिराकडे जा. भिंत घासून मोकळी करता येते, पण गेलेला तळ परत आणायला बहुधा नवा नट लागतो.

आणि एक सवय लावून घ्या. सूर नेहमी खालून वर चढत लावा. पुढे गेलात, तर चांगलं खाली उतरा आणि परत चढा. वरून उतरत सुरावर थांबू नका. बेंगळुरूत येता-जाता "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी" ऐकू येतं. तारेच्या बाबतीत ते अ‍ॅडजस्ट चढतानाच करायचं.

हे प्रश्न काही गिटारपुरते नाहीत. आमच्या मिरजेत दीडशे वर्षांहून जास्त काळ सतारी आणि तानपुरे बनतात, आणि २०२४ मध्ये तिथल्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तानपुऱ्याचा सूर खुंटीनं जवळपास आणतात आणि शेवटचा बारीक फरक घोडीच्या मागचा मणी सरकवून करतात. म्हणजे खुंटीला पुन्हा हात लावावा लागत नाही, आणि अटीवर तार ओढावी लागत नाही. अमेरिकेत फ्लॉइड रोझ यांना १९७९ मध्ये ज्या रचनेचं पेटंट मिळालं, तिच्यात तार नटवरच घट्ट आवळून टाकतात. पुढे तिला ब्रिजकडे बारीक सूर लावण्याचे स्क्रू जोडले गेले. विजेच्या गिटारवाल्यांना ती फार मोठी सोय वाटली. मिरजेचा मणी हेच काम बिनस्क्रूचं करत होता. आणखी एक गंमत पाहा. तानपुऱ्याची खुंटी घसरू नये म्हणून तिला खडू लावतात, आणि नटमध्ये तार घसरावी म्हणून आपण पेन्सिल लावतो. घर्षण एका जागी मित्र, तर दुसऱ्या जागी वैरी. कारागिरी म्हणजे ते कुठे हवं आणि कुठे नको, हे ओळखणं.

त्या मुलीच्या गिटारला दुसऱ्या पायरीपर्यंत जावं लागलं. कुणीतरी जाड तारा बसवून दिल्या होत्या. पाऊण तास लागला. नंतर तिनं स्वतः ट्यूनर न बघता जी-ची तार लावली. मी मागाहून ट्यूनर लावून पाहिला. काटा मध्याच्या अगदी जवळ होता. तिच्या आईला मी एवढंच म्हटलं, की ताई, गिटार विकू नका.

म्हणून शिकवणाऱ्यांना आणि आईबाबांना हात जोडून सांगतो. मुलाचं वाद्य बेसूर वाजलं, तर आधी वाद्य तपासा. त्याला दोन मिनिटं आणि एक पेन्सिल लागते. "तुला कान नाही" हे वाक्य एकदा मुलाच्या मनात रुतलं, की ते काढायला कुठलीच कानस मिळत नाही. आज घरी गेलात, की कपाटावरची गिटार खाली काढा, तिसरी तार लावा आणि नटच्या पलीकडे बोट दाबून बघा.