कारकुनाचा हात

पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाचे अंग दुखावे यात कोणास नवल वाटत नाही. परंतु टीचभर लेखणी चालविणाऱ्या कारकुनाने हात दुखतो म्हटले, की साहेबांपासून शिपायापर्यंत सर्वांस ती रजेची सबब वाटते. हा समज जितका जुना तितकाच निराधार आहे. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या व्याधींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या पुढील आवृत्तीत लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे सांगितली आहेत: अखंड बैठक, एकाच दिशेने चालणारा हात, आणि हिशेबात चूक होऊ नये ही मनाची धास्ती. (तिसऱ्या कारणाची दखल आमच्या कचेऱ्या अद्याप घेत नाहीत, ते असो.) त्यांच्या परिचयाच्या एका दस्तलेखकाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला, तेव्हा त्याने मोठ्या चिकाटीने डाव्या हातास वळण लावले, थोड्याच काळात तोही हात त्याच व्याधीने ग्रासला.

याचे कारण असे, की बोटे हलविणारे स्नायू बहुतांशी कोपराखाली असतात आणि त्यांच्या नऊ कंडरा, एका मज्जातंतूसह, मनगटातील अरुंद बोगद्यातून पुढे जातात. जोर थोडा लागला तरी विसावा मुळीच मिळाला नाही, म्हणजे कंडरांची आवरणे सुजतात, आणि मनगट सतत वाकलेले असले तर त्या दाटीत मज्जातंतू चेपला जातो. मग अंगठा, तर्जनी, मध्यमा यांना रात्री मुंग्या येतात, मनुष्य जागा होऊन हात झटकतो. करंगळी मात्र बहुधा बिनतक्रार असते.

म्हणून टंकलेखक असो वा संगणकावर बसणारा, दुखण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे हात मोकळा सोडावा, मनगट सरळ राहील अशी खुर्चीची उंची ठेवावी, आणि कळा सुरू झाल्यावर जोरजोराने रगडण्याचा घरगुती इलाज करू नये. रात्री मनगटास सरळ ठेवणारी पट्टी बांधल्याने पुष्कळांस उतार पडतो. परंतु हातातून कपबशी निसटू लागली, किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. मज्जातंतू दीर्घकाळ चेपलेला राहिला, तर शस्त्रक्रियेनंतरही गेलेली शक्ती पुरती परत येईलच असे नाही.