दाखल्यावरची सही



२६ जून २००३. फ्रान्समधल्या लिऑं शहरात कॅमेरून आणि कोलंबिया यांच्यात कॉन्फेडरेशन्स कप फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना चालू होता. ७२व्या मिनिटाला कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फो मैदानाच्या मध्यावर कोसळला. कोणाचा धक्का नाही, आसपास कोणी नाही. वय अवघं २८. त्याला वाचवता आलं नाही. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर २००४ला, बंगळूरमध्ये फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोल मारताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन पडला, तो पुन्हा उठलाच नाही. धेंपोनं करंडक जिंकला. दोन्ही गोल करणारा मात्र गेला.

रोज मैलोन्‌मैल धावणाऱ्या तरुणाचं हृदय असं अचानक का थांबावं? वय वाढल्यावर येणारा झटका बहुधा रक्तवाहिन्यांतल्या अडथळ्यामुळे येतो. तरुणांत मात्र कारण बरेचदा जन्मापासून दबा धरून बसलेलं असतं. फो याच्या हृदयाचा स्नायू प्रमाणाबाहेर जाड होता, आणि हा दोष बहुतेक वेळा आनुवंशिक असतो. कोणाच्या हृदयातल्या विजेच्या वहनात दोष असतो, तर कोणाची हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी भलत्याच जागेतून निघालेली असते. एरवी काही जाणवत नाही. पण जोराच्या श्रमात लय बिघडली, की हृदय आकुंचन पावायचं सोडून नुसतं थरथरत राहतं. मेंदूचं रक्त तुटतं आणि काही सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो.

काही वर्षांपूर्वी एक आई चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. जिल्हा स्पर्धेसाठी प्रकृती उत्तम असल्याचा दाखला हवा होता. “डॉक्टर, फक्त सही करा, दुपारची बस आहे,” त्या म्हणाल्या. खरं सांगतो, अशा सह्या मी कितीतरी केल्या होत्या. त्या दिवशी सहज विचारलं, “धावताना कधी चक्कर येऊन पडलास का रे?” मुलगा गप्प. आईच म्हणाली, “मागच्या महिन्यात पडला होता. पण ऊन फार होतं. सर म्हणाले, उपाशी आला असेल.” मग कळलं, मुलाचा काका तिशीत झोपेतच गेला होता. ईसीजी काढला, इको केला. स्नायू जाड निघाला. मी सही केली नाही. मुलगा माझ्याकडे न बघता बाहेर गेला. त्याच्या दृष्टीनं त्याचा खेळ मीच हिरावला होता.

म्हणून पालकांना आणि क्रीडाशिक्षकांना माझं सांगणं आहे, की हे तीन प्रश्न विचाराच. धावताना मूल कधी बेशुद्ध पडलं का? श्रम करताना छातीत दुखतं किंवा धडधडतं का? घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर हृदयाची तपासणी होईपर्यंत खेळ बंद. खेळून झाल्यावर उभ्याउभ्या आलेली चक्कर अनेकदा निरुपद्रवी असते; धावता धावता आलेली चक्कर तशी समजू नये.

मग सगळ्याच खेळाडूंचा ईसीजी का काढू नये? इटलीनं १९८२पासून तो सक्तीचा केला. तिथल्या व्हेनेतो प्रांतात पुढच्या दोन दशकांत खेळाडूंचे असे मृत्यू ८९ टक्क्यांनी घटले. अमेरिकेतल्या तज्ज्ञांचा मात्र सरसकट सक्तीला विरोध आहे. कसून सराव करणाऱ्याचं हृदय थोडं मोठं होतं, नाडी मंदावते, आणि निरोगी मुलाचा आलेखही वेगळा दिसू शकतो. तो नीट वाचणारा तज्ज्ञ नसेल, तर एखाद्याचा खेळ विनाकारण सुटेल. शिवाय तपासणी सगळंच पकडते असंही नाही. इंग्लंडमध्ये १९९६ ते २०१६ या काळात ११,१६८ किशोरवयीन फुटबॉलपटू तपासले गेले. ४२ जणांत गंभीर दोष सापडले. पण पुढे हृदयविकारानं जे आठ जण गेले, त्यांतल्या सहांची तपासणी निर्दोष ठरली होती. काही दोष वयानुसार उशिरा उघड होतात. एकदा केलेली तपासणी जन्मभर पुरत नाही.

तेव्हा दुसरी तयारी मैदानावर हवी. १२ जून २०२१ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिकसन भर सामन्यात कोसळला. त्याच्याही तपासण्या वेळोवेळी झाल्या होत्या. त्याला वाचवलं ते तिथल्या तिथे दिलेल्या छातीच्या दाबानं आणि विजेच्या झटक्यानं. छातीत यंत्र बसवून तो फेब्रुवारी २०२२मध्ये पुन्हा मैदानात उतरला.

कोणी कोसळला आणि नीट श्वास घेत नसेल, तर तोंडावर पाणी मारत बसू नका. एकानं १०८ला फोन करावा. दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या गतीनं, पाच सेंटिमीटर खोल दाब द्यावा. विजेचा झटका देणारं एईडी यंत्र जवळ असेल, तर ते लगेच आणावं. काय करायचं ते यंत्रच बोलून सांगतं. हे शिकायला एक दुपार पुरते. शाळेत नवी जाळी, नवे चेंडू येतात, तशी ही एक दुपारही यावी.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. औषधं चालू आहेत, बुद्धिबळ खेळतो. माझ्यावरचा त्याचा राग पुरता गेला आहे की नाही, ते मी विचारलेलं नाही. दर वर्षी तपासणीला येतो, एवढं मला पुरे आहे.