सोमवारचं पातेलं

मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते. सोमवारी माझं पातेलं लवकर रिकामं होतं. रविवारी शाळा बंद, काहींच्या घरी चूल एकदाच पेटते. परवा एक पोरगी निम्मी खिचडी फडक्यात बांधत होती, धाकट्या भावासाठी. मी रागावले नाही, वर आणखी एक पळी वाढली.

हे जेवण कुणाचे उपकार नव्हेत. २००१ साली सुप्रीम कोर्टानं शाळेत शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तो लेकरांचा हक्क झाला. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक पोराला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. म्हणजे चाळीस पोरांना ८०० ग्रॅम डाळ झाली. वरण नुसतं पिवळं पाणी दिसलं, तर विचारा, डाळ किती घातली? मलाही विचारा बरं का. माल कमी आला असेल तर एकटीनं बोलायला जीभ अडते, तुम्ही सोबत असलात की बळ येतं.

वाढण्याआधी शिक्षकानं आणि आणखी एकदोन मोठ्या माणसांनी चव घ्यायची असते. त्यात एखादी आई का नको? आमच्याकडे जेवणाची सुट्टी एक वाजता होते. दहा मिनिटं आधी या.